कुळथाला रक्त ओळखता येतं

कोकणात पावसाच्या दुपारी ऊन ऊन भात आणि कुळथाची पिठी मिळाली की दुसरं काही मागायचं नसतं. घाटावर याच कुळथाला हुलगे म्हणतात, त्याची शेंगोळी करतात, आणि काही हुलगे बैलांच्या आंबोणातही जातात. हलक्या जमिनीत येणारं, कुणी फारसं कौतुक न केलेलं कडधान्य. माझी भाची बीएमएलटीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली होती. पिठी ओरपता ओरपता म्हणाली, "मामा, या कुळथाला रक्त ओळखता येतं, ठाऊक आहे तुला?"

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती.

कच्चे कुळीथ वाटून मिठाच्या पाण्यात त्यांचा अर्क काढायचा, तो ठरावीक प्रमाणात पातळ करायचा आणि ए गटाच्या रक्तपेशींवर त्याचा थेंब टाकायचा. काही जणांच्या पेशी एकमेकींना चिकटून नासलेल्या दुधासारख्या रवाळ होतात. काहींच्या ढिम्म हलत नाहीत. पहिले ए-वन, दुसरे ए-टू. दोघांच्याही खिशातल्या कार्डावर नुसतं 'ए' लिहिलेलं असतं. त्यांच्यातला भेद हा दाणा सांगतो. त्याचा हा गुण 1950च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणला तो जॉर्ज बर्ड यांनी, आणि तेव्हा ते पुण्यात, आपल्या एएफएमसीत होते. रक्तपेढीतल्या फ्रीजमध्ये 'अँटी-ए-वन लेक्टिन' अशी चिठ्ठी लावलेली बाटली दिसली तर समजावं, आत कुळीथ आहे. (पेशींना धरणारं हे लेक्टिन शिजताना मोडतं. पिठीला भिऊ नये.)

खरी गंमत अर्क किती पातळ करायचा यात आहे. दाट राहिला तर तो ए-टूच्या पेशींनाही धरतो आणि भेद पुसला जातो. भाचीच्या वर्गात एक अख्खी दुपार फक्त हेच चालतं: नळ्या ओळीने मांडायच्या, प्रत्येक पुढच्या नळीत अर्क निम्मा करत जायचा आणि कुठे थांबायचं ते ठरवायचं. पुस्तकात ही एक ओळ असते.

पण कुळथाला कळतं काय नेमकं? साखर. आपली लाल पेशी 7-8 मायक्रॉन रुंदीची, केंद्रक नसलेली, मध्ये खोलगट चकती. एका घन मिलिमीटर रक्तात अशा 45 ते 50 लाख असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य सुमारे 120 दिवसांचं. या चकतीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची लव असते. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसली की तिला 'एच' म्हणतात. एचवर आणखी एक साखर चढवली की ए गट होतो, थोडी निराळी साखर चढवली की बी. काहीच चढवलं नाही आणि एच उघडा राहिला, तर ओ.

साखर चढवण्याचं काम एका विकराचं म्हणजे एन्झाइमचं. ते 354 अमिनो आम्लांची माळ आहे. ए गटवाल्याची माळ आणि बी गटवाल्याची माळ यांत महत्त्वाचे वेगळे मणी किती? चार. साडेतीनशेवर मण्यांत चार मणी बदलले की चढणारी साखर बदलते, आणि त्या बदलापायी चुकीचं रक्त चढलेला माणूस दगावू शकतो. ओ गटाच्या बहुतेकांत तर जनुकातलं एकच अक्षर गळलेलं असतं. त्याने पुढची सगळी ओळ बिघडते आणि विकर निकामी निघतं. मी ही माहिती तिच्याकडून दोनदा वदवून घेतली.

आता मुंबईत, परळला येऊ. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण छापलं. मुंबईत काही माणसांना कुणाचंच रक्त जुळेना. तपासणीत ती ओ दिसत होती, पण ओ रक्तही त्यांना चालत नव्हतं. कारण त्यांच्या पेशींवर एचच नव्हता, म्हणून ओ पेशींवरचा एच त्यांच्या शरीराला परका. ज्या पायावर ए आणि बी चढायचे तो पायाच घातलेला नव्हता. फ्युकोज बसवणाऱ्या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती नादुरुस्त. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात तो साधारण 10,000 जणांत एकाचा असल्याचं सांगतात. युरोपात त्याहून कितीतरी विरळ.

याचा एक परिणाम चक्रावून टाकतो. अशा माणसात बी गटाचं जनुक शाबूत असू शकतं, फक्त त्याला काम करायला जागा मिळत नाही. त्याचं मूल दुसऱ्या पालकाकडून चांगला एच घेतं आणि लपलेला बी उघड होतो. म्हणजे कागदावर आई ओ, वडील ओ आणि मूल बी! कागद वाचणारा अर्धवट शिकलेला असेल तर एखाद्या घरात केवढं आकांडतांडव होईल.

म्हणूनच भाचीला शिकवतात ते हे की काचपट्टीवरच्या तीन थेंबांवर थांबायचं नाही. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, रंगहीन अँटी-डी टाकून गट दिसतो, पण ती अर्धीच तपासणी. मग उलट जायचं: माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, घ्यायचं आणि ते ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचं. खऱ्या ओ गटाचं सीरम ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बेवाल्याचं सीरम त्यांनाही रवाळ करतं. शंका उरलीच तर आणखी एक वनस्पती मदतीला येते, युलेक्स, पिवळ्या फुलांचं काटेरी युरोपीय झुडूप, जे निलगिरीतही पसरलंय. त्याच्या बियांना एच ओळखता येतो. बॉम्बेच्या पेशींसमोर त्या गप्प बसतात.

बारावीला पीसीबी घेऊन, मग जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, रक्तशास्त्र, विकृतिशास्त्र असं तीन-चार वर्षं शिकणाऱ्या या मुलांकडे आपण 'एमबीबीएस मिळालं नाही वाटतं' अशा नजरेने पाहतो. ही नजर अडाणी आहे. पुढे कुणी रक्तपेढीत जातं, कुणी एम.एस्सी. करून संशोधनात, कुणी औषधांच्या चाचण्यांत, कुणी जनुकीय समुपदेशनात. लहान प्रयोगशाळेत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हेही लपवायला नको. 2021 साली संसदेने या व्यवसायांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, त्याला बराच उशीर झाला होता. रुग्णाला त्यांचा चेहरा कधी दिसत नाही. डॉक्टर ज्या आकड्यावर विसंबून औषध लिहितो, तो आकडा त्यांचा असतो.

तुमच्या कार्डावर 'ओ' असेल तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी तिथल्या तंत्रज्ञाला एवढं विचारा: माझं सीरम ओ पेशींवर टाकून पाहिलं होतंत का? प्रश्नाचा राग यायचं कारण नाही. जमलंच तर त्या नळ्या उजेडात धरून स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.