खाणीची जमीन, नवी वसाहत आणि पुरातत्त्वीय पाहणी

खाण बंद पडली की तिच्या सभोवतालच्या मोकळ्या जमिनीवर घरबांधणीचा विचार साहजिकपणे पुढे येतो. वाढत्या वस्तीला जागा हवी असते आणि पडीक जमीन उपयोगात येते. तथापि, एकदा पाया खोदला गेला की त्या मातीतील इतिहास कायमचा पुसला जातो. म्हणूनच बांधकामापूर्वी जमिनीचे पुरातत्त्वीय मूल्यमापन होणे अगत्याचे आहे.

विदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. नागपूर जिल्ह्यात मँगनीज व कोळशाच्या खाणी आहेत. त्याच जिल्ह्यात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील महापाषाणयुगीन लोकांची शिलावर्तुळेही आहेत. काटोल मार्गावरील जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आढळतात. माहुरझरी येथील दफनांत घोड्याचे अवशेष व तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. रामटेकजवळील मनसर येथे मँगनीजची खाण आणि वाकाटककालीन अवशेष यांचे सान्निध्य प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तेथे १९९७ नंतर झालेल्या उत्खननांत मोठे बांधकाम उजेडात आले.

खाणीने सारेच नष्ट केले असेल, हा समज बरोबर नाही. मूल्यमापनाचे पहिले काम म्हणजे जमिनीची विभागणी. जेथे खोल खड्डा झाला, तेथील अवशेष गेले असे समजावे. जेथे माती-दगडांचे ढीग टाकले गेले, तेथे मूळ भूपृष्ठ ढिगाखाली शाबूत असू शकते. कार्यालये, रस्ते व सीमेलगतचे पट्टे यांना बहुधा फारसा धक्का लागलेला नसतो. तेथे शक्यता सर्वाधिक. खाणीचे जुने नकाशे, गावनकाशा आणि भूमापनाचे नकाशे एकमेकांशी ताडून पाहिल्यास ही विभागणी कार्यालयात बसूनही बरीचशी करता येते.

त्यानंतर पायी पाहणी. काळी-तांबडी खापरे, लोहकीट, मुरमाच्या उंचवट्याभोवती वर्तुळाकार बसविलेले धोंडे या खुणा लक्षात घ्याव्यात. मात्र ढिगावर मिळालेले खापर तेथलेच असेल असे नाही; ते खड्ड्यातील मातीबरोबर आलेले असू शकते. शंका राहिल्यास चाचणी खड्डे घ्यावे लागतात. हे काम परवानाप्राप्त पुरातत्त्वज्ञांनीच करावयाचे असते. हौसेने केलेल्या खोदाईने पुरावा मिळण्याऐवजी नाहीसा होतो.

जुनी खाणही वारसा असू शकते. राजस्थानातील झावर येथे प्राचीन खाणकाम व जस्त गाळण्याच्या भट्ट्या १९८३ च्या उत्खननात उजेडात आल्या. वापरून टाकलेल्या मातीच्या मुशी तेथील घरांच्या भिंतींत वापरलेल्या दिसतात.

कायद्याचे संरक्षण आहे, पण ते मर्यादित आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे व त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी लागते, अशी तरतूद २०१० च्या सुधारणेने केली. परंतु बहुसंख्य शिलावर्तुळे संरक्षित यादीत नाहीत. तेथे स्थानिक दक्षता हाच आधार. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

अशा पाहणीने घरे अडतात, ही भीतीही बहुधा निराधार असते. वसाहतीच्या आराखड्यात मोकळी जागा ठेवावीच लागते. ती शिलावर्तुळाच्या ठिकाणी ठेवली तर घरेही होतात आणि वर्तुळही वाचते. मात्र ही सोय आराखडा मंजूर होण्यापूर्वीच करता येते. यास्तव ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी आपल्या परिसरातील अशा खुणांची गट क्रमांकासह नोंद करून ती तहसील कार्यालयास व पुरातत्त्व विभागास वेळीच द्यावी. आराखडा तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ही नोंद असेल, तरच तिचा उपयोग होईल.