पावसाळी मुलखांतील घराची निगा

सुधागड तालुक्यांतील पाली हें आमचें गांव. येथील श्रीबल्लाळेश्वराचें देऊळ पूर्वीं लाकडी होतें व १७६० सालीं तें दगडी बांधण्यांत आलें, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. देवानें लाकूड सोडून दगड धरला. परंतु आम्हां शेतकऱ्यांचीं जुनीं घरें माती, चुना, लाकूड व कौलें यांचींच राहिलीं, आणि त्यांचा खरा शत्रु पाणी हा आहे.

आमच्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरास एक लिटर पाणी. आमच्या कारकुनी संवयीनें हिशेब केला, तर १०० चौरस मीटरांच्या छपरावर एका पावसाळ्यांत तीन लाख लिटर पाणी पडतें. त्याचा हजारावा हिस्सा जरी आंत शिरला तरी ते ३०० लिटर होतात. आणि तें पाणी नेमकें वाशाच्या टोंकाशीं किंवा भिंतीच्या माथ्यावर जाऊन मुरतें.

आमच्या लहानपणीं चैत्र सरला कीं शाकारणीची गोष्ट निघे. कौलें उतरून झाडावीं, फुटकीं वेगळीं काढावीं, रीपा ठोकून पाहाव्या आणि मृगापूर्वीं पाखें पुन्हां बसवावें, असा क्रम असे. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनच्या मंडळींनीं १८६५ सालीं मंगळूर येथें काढला. हीं कौलें खांचेनें एकमेकांत अडकत असल्यामुळें नळीच्या कौलांपेक्षां कमी घसरतात. पण खांचेंत पालापाचोळा सांचला कीं पाणी मागें वळून रीपेवर येतें. हल्लीं शाकारणीस माणसें मिळत नाहींत आणि वानरें कौलें शाबूत ठेवीत नाहींत, ही तक्रार खोटी नव्हे; आम्हीही ती करतों. तथापि शाकारणी दोन वर्षें चुकविली, तर वांचलेली मजुरी नव्या वाशांत जाते.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आम्ही महसूल खात्यांत नोकरीस होतों आणि पडझडीचे पुष्कळ पंचनामे आमच्या हातांखालून गेले. छपराची नासाडी बहुधा कडेपासून सुरू झालेली दिसे. वारा छपरावरून जातांना त्यास वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीस व आढ्याजवळ अधिक असते. म्हणून या दोन ठिकाणचीं कौलें तारेनें रीपेस बांधावीं. पत्रे असल्यास त्यांचे आंकडे दर उन्हाळ्यांत आवळावे.

आतां आमची स्वतःची चूक सांगतों. आमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. खालच्या भागास ओल येऊन लोणा लागला, तेव्हां एका गवंड्यानें सिमेंटचा गिलावा सुचविला. एकदां बंद केलें कीं पुन्हां पाहावयास नको, असें तो म्हणाला. आम्हांस तें पटलें. चार वर्षें भिंत बाहेरून दगडासारखी दिसत होती. चौथ्या पावसाळ्यांत एके रात्रीं माजघरावरील तुळईचें भिंतीतील टोंक मोडून ती खालीं आली. आमच्या मातोश्री नेहमीं तिच्याखालींच निजत. त्या रात्रीं पावसानें उघडीप दिल्यामुळें उकडत होतें, म्हणून त्या ओटीवर गेल्या होत्या, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं भिंत उकलून पाहिली. वातींतून तेल चढावें तशी जमिनीची ओल मातीच्या भिंतींत चढत असते. जुना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ती उन्हाळ्यांत बाहेर सोडतो. सिमेंटनें ती वाट बंद झाली. ओल अधिकाधिक वर चढली व तुळईच्या टोंकाशीं जाऊन राहिली. ओल्या लांकडास वाळवी लागली. बाहेरून हाताच्या पंजाएवढी जागा पोकळ वाजत होती. आम्हीं ती कधीं वाजवूनच पाहिली नव्हती.

तेव्हांपासून आम्ही दर वैशाखांत भिंती बोटांच्या पेरांनीं वाजवून पाहतों. जोत्यालगतची जमीन घरापासून दूर उतरती ठेवली असून पागोळ्यांखालीं दगडी चर काढला आहे. आमची निम्मी ओल एवढ्यानेंच गेली. नवी तुळई ऐनाची घातली, तिच्या टोंकांस काजूच्या टरफलांचें तेल पाजलें आणि टोंकाभोंवतीं बोटभर जागा हवेसाठीं मोकळी सोडली. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यावर दिसल्या तर नुसत्या झाडून भागत नाहीं. ओल कोठून येते तें शोधावें लागतें.

सिमेंट काढणें हें कष्टाचें काम आहे. छिन्नीनें हलके हलके काढावें, नाहींतर मातीही सुटून येते. मग भिंत एक उन्हाळाभर उघडी सुकूं द्यावी, आणि नंतर नीट विरलेला चुना एक भाग व चाळलेली वाळू तीन भाग असा गिलावा करून तो आठवडाभर ओलसर ठेवावा. नैर्ऋत्येकडील पावसाची झोड ज्या भिंतींवर येते, त्यांपुढें पावसाळ्यांत झावळ्यांचे झाप बांधावे. आमच्या पश्चिमेकडील व दक्षिणेकडील भिंती अशा पुऱ्या झाल्या आहेत. उत्तरेकडील भिंतीवर अद्याप सिमेंट आहे. दिवाळीनंतर भाताची झोडणी आटोपली म्हणजे तिला हात घालण्याचें योजिलें आहे.