अम्मीचा अर्धा तास

सकाळी साडेसहा ते आठ. या दीड तासात आमच्या सिंदी मेघेतल्या घरात काय चालते, हे आता शेजाऱ्यांनाही पाठ झाले असेल. कुणाचा एक मोजा सापडत नाही, कुणाची वही जागेवर नाही, गाडीची किल्ली रात्री कुठे ठेवली ते अब्बांना आठवत नाही. आणि प्रत्येक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतो : "अम्मी!" अम्मी तव्यावरची पोळी उलटता उलटता सगळ्यांना उत्तरे देते.

रमजान होऊन चार महिने झाले होते. अम्मीच्या कुरआन शरीफमधली खूण होती त्याच पानावर होती. आम्ही विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "वेळच मिळत नाही रे." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य जास्त लागले. पाच माणसांच्या घरात चौघांना मोबाइलसाठी वेळ मिळतो आणि पाचव्या माणसाला तिलावतीसाठी मिळत नाही, तर चूक घड्याळाची नक्कीच नाही.

आपल्याला वेळ पाळता येत नाही असेही नाही. रमजानात सहेरी आणि इफ्तार आपण मिनिटामिनिटाने सांभाळतो. पण ही शिस्त कुणाच्या कष्टावर उभी असते? सहेरीला सर्वांत आधी कोण उठते आणि इफ्तारनंतर भांड्यांपाशी कोण उभे असते, हे प्रत्येकाने आपल्या घरात डोकावून पाहावे.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात हेच चित्र देशभर दिसले. त्यानुसार ८१ टक्के स्त्रिया रोज घरकाम करतात, पुरुष मात्र २६ टक्केच. जे घरकाम करतात त्यांच्यातही स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर पुरुषाची ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. बाईला वेळ का उरत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

वेळेच्या आखणीचा एक चांगला धडा आमच्या शेजारीच, वर्ध्यात घडला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नव्या शिक्षणाचा आराखडा करायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. समितीने डिसेंबरच्या सुरुवातीलाच अहवाल दिला. त्यात शाळेच्या साडेपाच तासांचा हिशेब होता : मूळ हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि मधल्या सुट्टीला १०.

यातल्या शेवटच्या दहा मिनिटांनी आम्हाला विचारात पाडले. विसाव्याचाही आकडा कागदावर आहे. जे मांडले जाते त्याला वेळ मिळतो, जे मांडले जात नाही ते इतरांच्या कामांत विरून जाते. अम्मीचा वेळ आमच्या घरात कुठेच मांडलेला नव्हता.

मग एका रविवारी आम्ही सगळे एक कोरा कागद घेऊन बसलो. घड्याळाचे तास लिहिण्याऐवजी नमाजच्या वेळा लिहिल्या. कारण साधे आहे. वर्ध्यात जूनमध्ये मगरिब सातच्या सुमारास होते, डिसेंबरात पावणेसहाच्या आधीच. ठरावीक तासाला बांधलेले काम ऋतू बदलला की विस्कटते. नमाजच्या आधी किंवा नंतर बांधलेले काम दिवसाबरोबर आपोआप सरकते. पाच वेळांनी दिवसाचे भाग आधीच पाडून दिले आहेत, आपण फक्त त्यांत कामे भरायची.

कागदावर जे ठरले ते असे :

इशानंतर झोपण्याआधी दहा मिनिटे उद्याची तयारी. दप्तर, गणवेश आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने ठेवायची. किल्ल्यांना दाराजवळ एक खिळा. डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवायची, आणि ती अब्बा चिरतील.

फजरनंतर परत झोपणे बंद. अंथरुणे मुलांनी काढायची.

जुम्माचे कपडे गुरुवारी रात्रीच इस्त्री करायचे.

मगरिब ते इशा सर्वांचे मोबाइल कपाटात. हा वेळ अभ्यासाचा आणि एकत्र जेवणाचा.

असर ते मगरिब यांच्यामधला अर्धा तास अम्मीचा. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही. चहा हवा असेल तर स्वतः करून घ्यायचा, कपही स्वतः विसळायचा.

भाजी चिरायच्या कलमावर अब्बा थोडे हसले. तेव्हा दादींनीच आठवण करून दिली. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ होताच उठून जात, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. घरकाम आणि नमाज, दोन्ही एकाच दिवसात नीट बसतात याचा याहून मोठा दाखला कोणता? त्या रात्री अब्बांनी गवार निवडायला घेतली.

सगळे लगेच सुरळीत झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात मोबाइल दोनदा कपाटातून बाहेर आले. पाहुणे आले की कागद बाजूला राहतो. अम्मी स्वतःच तिच्या अर्ध्या तासात उठून ओट्याकडे जायची, सवय तिलाही मोडावी लागली. आम्ही एक शिकलो : एकदम दहा सवयी लावू नयेत. आधी फक्त रात्रीची दहा मिनिटे पक्की केली, तशी सकाळची ओरड निम्मी झाली. मग पुढची सवय.

वेळ ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा हिशेब करताना आपण आपापले तास मोजतो. घरातल्या दुसऱ्या माणसाचे किती तास आपण बेफिकिरीने खर्च केले, तेही त्याच हिशेबात धरायला हवे.

आज इशानंतर आपल्या घरीही एक कागद घ्या. पहिली ओळ त्या माणसाच्या नावाने लिहा, ज्याला सगळे दिवसभर हाका मारतात.

अम्मीच्या कुरआन शरीफमधली खूण आता पुढे सरकली आहे, अलहमदुलिल्लाह.