डोहाकाठचें विन्टन

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर ईशान्येकडील क्वीन्सलँड प्रांत शोधावा, त्याची राजधानी जी ब्रिस्बेन तेथून वायव्येस सुमारें १३५० किलोमीटर आंत जावें, म्हणजे विन्टन हें गांव लागतें. वस्ती हजाराच्या आंत. सभोंवार गवताळ, सपाट माळ, पाऊस बेभरंवशाचा, नद्या वर्षांतून बहुतेक काळ कोरड्या आणि पात्रांत मधूनमधून उरलेले डोह. गांवचें पहिलें नांवहि पेलिकन पक्ष्यांच्या अशाच एका डोहावरून पडलेलें होतें. तेथें पोस्टाचें काम पाहणारे रॉबर्ट ॲलन यांस टपालाच्या शिक्क्यावर तें लांबलचक नांव गैरसोयीचें वाटूं लागलें, तेव्हां त्यांनीं इंग्लंडांतील आपल्या जन्मस्थानाचें सुटसुटीत नांव गांवास देऊन टाकलें, असें सांगतात.

अशा आडवळणाच्या ठिकाणीं इतिहासाची पावलें काय म्हणून वळावीं? परंतु मजुरांचे संप, एका खंडाचें आवडतें गीत आणि जगांतील एक अत्यंत जुनी विमान कंपनी, या तिहींचे धागे या गांवीं येऊन मिळतात. हा योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. या तिहींच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे त्या प्रदेशांतील भयंकर अंतर.

आरंभीं एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. तिकडे ‘स्टेशन’ म्हणजे आगगाडी थांबण्याची जागा नव्हे. मेंढ्यांच्या वा गुरांच्या विस्तीर्ण कुरणास, मालकाच्या घरासकट, स्टेशन म्हणतात. हंगाम आला कीं या स्टेशनांवर लोकर कातरणारे मजूर जमत आणि काम संपलें कीं वळकटी पाठीवर टाकून पायींच पुढें जात. मजुरी किती द्यावी, संघाचे सभासद नसलेल्या लोकांस कामावर घ्यावें कीं नाहीं, यावरून १८९१ मध्यें मजुरांनीं मोठा संप केला. सरकारनें सैनिक धाडले, पुढारी तुरुंगांत गेले आणि संप मोडला. मात्र दंडुक्यापुढें हरलेले हे लोक मतपेटीकडे वळले. १८९९ च्या डिसेंबरांत क्वीन्सलँडमध्यें अँडरसन डॉसन यांचें मजूरपक्षाचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. तें एक आठवडा टिकलें! तरी जगांतील पहिलें मजूर सरकार म्हणून त्याची गणना होते.

१८९४ मध्यें पुन्हा संप झाला आणि या वेळीं त्याची झळ विन्टनच्या मुलखास फार लागली. गांवाच्या वायव्येस डॅगवर्थ नांवाचें मॅकफर्सन कुटुंबाचें स्टेशन होतें. २ सप्टेंबर १८९४ च्या रात्रीं हत्यारबंद संपकऱ्यांनीं तेथील लोकर कातरण्याची मोठी शाळा पेटवून दिली. आंत कोंडलेलीं शंभरावर कोंकरें होरपळून मेलीं. लवकरच हॉफमाइस्टर नांवाचा एक संपकरी जवळच्या किनूना गांवाबाहेरच्या डोहापाशीं गोळी लागून मेलेला आढळला. त्यानें आत्महत्या केली असा निकाल चौकशींत झाला.

यानंतर कांहीं महिन्यांनीं, १८९५ सालीं, सिडनीचे एक तरुण वकील डॅगवर्थ येथें पाहुणे म्हणून आले. हेच कवि बँजो पॅटरसन. त्यांचा वाङ्निश्चय झालेली सारा रायली ही घरमालकाची बहीण क्रिस्टिना मॅकफर्सन हिची मैत्रीण होती. क्रिस्टिनेनें आदल्या वर्षीं वॉर्नम्बूल येथील घोड्यांच्या शर्यतींत बँडवर ऐकलेली एक चाल तेथें वाजवून दाखविली. ती पॅटरसन यांस आवडली आणि त्यांनीं तीवर शब्द बसविले. तेंच ‘वॉल्टझिंग मटिल्डा’. मटिल्डा ही कोणी सुंदरी नव्हे; फिरस्त्या मजुराच्या वळकटीचें तें लाडकें नांव आहे. गीताची हकीकत थोडक्यांत अशी : एक फिरस्ता डोहाकाठीं चहाचें पाणी उकळीत बसला आहे, पाणी प्यावयास आलेली मेंढी तो पकडून पिशवींत कोंबतो, घोड्यावरून मालक येतो, मागोमाग तीन शिपाई येतात, आणि हातीं सांपडण्यापेक्षां तो डोहांत उडी घेतो. त्याचें भूत तेथें अजून गातें.

हा फिरस्ता म्हणजे हॉफमाइस्टरच काय, यावर तिकडील विद्वानांत बराच वाद माजलेला आहे. आम्हांस त्याहून नवल वाटतें तें निराळेंच. ज्या घराची शाळा जळली त्याच घरीं बसून, त्याच घरच्या मुलीच्या चालीवर, कवीनें मालकाची बाजू न घेतां मेंढी चोरणाऱ्याची घेतली. आणि सबंध राष्ट्रानेंहि पुढें तीच घेतली. गीतांत मेंढीच्या चोरीचा असा गाजावाजा आहे, मात्र कुरणें झालेली ती सारी भूमि मुळांत कोआ प्रभृति आदिवासींची होती, याचा त्यांत कोठें उल्लेख नाहीं. गोड चालींत पुष्कळ गोष्टी बुडून जातात! सारा रायलीचा विवाहहि पॅटरसन यांच्याशीं झाला नाहीं. विन्टनचे लोक मोठ्या अभिमानानें सांगतात कीं, हें गीत चारचौघांत प्रथम म्हटलें गेलें तें ६ एप्रिल १८९५ रोजीं, त्यांच्या नॉर्थ ग्रेगरी हॉटेलांत. १९०३ मध्यें एका चहाच्या जाहिरातीसाठीं तें छापलें गेलें आणि घरोघर पोहोंचलें. १९७७ मध्यें राष्ट्रीय गीत कोणतें असावें याविषयीं मतें घेतलीं, तेव्हां त्यास दुसरा क्रमांक मिळाला. राष्ट्रगीताच्या मानास चोराची कथा थोडी कमी पडली असावी.

आतां विमानाकडे वळूं. पहिल्या महायुद्धांतून परतलेले दोन वैमानिक, पॉल मॅकगिनेस आणि हडसन फिश, १९१९ मध्यें इंग्लंडाहून ऑस्ट्रेलियास उडत येण्याच्या शर्यतींत उतरणार होते. परंतु पैसा देऊं करणारे धनिक मध्येंच वारले. तेव्हां सरकारनें त्यांस शर्यतीच्या विमानांसाठीं उतरण्याच्या जागा शोधण्याचें काम दिलें. शर्यत जिंकणारे स्मिथ बंधु कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे आपल्या देशावरून उडत गेले. आणि हे दोघे फोर्ड मोटारींत बसून लाँगरीचपासून काथरिन नदीपर्यंतची २१७९ किलोमीटरांची वाट ५१ दिवस तुडवीत होते. रस्ता असा नव्हताच. या खडतर प्रवासांत त्यांची खात्री पटली कीं, या मुलखास विमानच हवें. त्याच सुमारास क्लॉनकरी येथें फर्गस मॅकमास्टर या कुरणमालकाच्या मोटारीचा कणा नदीच्या पात्रांत मोडला, आणि मॅकगिनेस यानें रविवारची सहल सोडून तो दुरुस्त करून दिला. ही ओळख फळास आली. मॅकमास्टर यांनीं आपल्या स्नेह्यांकडून भांडवल जमविलें, आणि १६ नोव्हेंबर १९२० रोजीं नव्या कंपनीची नोंदणी झाली. कचेरी विन्टन येथें. ‘क्वीन्सलँड अँड नॉर्दर्न टेरिटरी एरिअल सर्व्हिसेस’ या नांवाच्या आद्याक्षरांचें ‘क्वांटास’ झालें. पाणिनीच्या प्रत्याहारांत मुरलेल्या आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास हा प्रकार मुळींच परका वाटत नाहीं.

ज्या अंतरानें मजुराच्या पाठीवर वळकटी दिली, त्याच अंतरानें मालकांस विमान सुचविलें. १० फेब्रुवारी १९२१ रोजीं विन्टन क्लबांत संचालकांची पहिली सभा भरली. तेथें भरलेली शेवटचीहि तीच. सोयीचें म्हणून बिऱ्हाड लाँगरीच येथें हललें, पुढें ब्रिस्बेनास आणि अखेर सिडनीस. २ नोव्हेंबर १९२२ रोजीं चार्लव्हिल ते क्लॉनकरी ही टपालाची नियमित सेवा सुरू झाली. तिचे पहिले उतारू अलेक्झांडर केनेडी हे ८४ वर्षांचे होते. पहिलें तिकीट आपणांस मिळावें या अटीवर त्यांनीं भांडवल दिलें होतें. तरुणपणीं ते याच मुलखांत बैलगाडीनें आले होते! एकाच आयुष्यांत बैल आणि विमान, दोन्ही.

राजकारणाचा आणखी एक धागा आकाशांतून खालीं आला. जून १९४२ मध्यें ‘स्वूस’ या नांवाचें अमेरिकन बाँबफेकें विमान डार्विनहून येतांना वाट चुकलें आणि विन्टनजवळ कॅरिसब्रूक स्टेशनच्या माळावर कसेंबसें उतरलें. त्यांत टेक्ससचे एक तरुण लोकप्रतिनिधि होते. ते लिंडन जॉन्सन १९६३ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष झाले, आणि १९६६ मध्यें ऑस्ट्रेलियास गेले. अधिकारावर असतांना त्या देशास भेट देणारे ते पहिलेच अमेरिकन अध्यक्ष. तें विमान अमेरिकेंत अद्याप जपून ठेविलें आहे, आणि त्याच्या वैमानिकानें आपल्या मुलीचें नांव त्या विमानावरूनच ठेविलें.

कंपनी गेली, गीत मात्र विन्टननें सोडलें नाहीं. त्या एका गीतासाठीं गांवानें १९९८ मध्यें संग्रहालय उघडलें. २०१५ च्या जूनमध्यें तें आगींत भस्म झालें, आणि एवढ्याशा गांवानें २०१८ मध्यें तें पुन्हा उभें केलें. गांवांत १९१८ पासूनचें उघड्या छताचें चित्रपटगृह आहे; तेथें कापडी आरामखुर्च्यांत पडून, वर तारे आणि समोर पडदा, असा खेळ पाहतां येतो. सभोंवारच्या मातींतून अलीकडे सुमारें साडेनऊ कोटी वर्षांपूर्वींच्या प्रचंड सरटांचीं हाडें निघत आहेत. २००९ मध्यें त्यांपैकीं तिघांस शास्त्रीय नांवें मिळालीं, आणि लाडकीं नांवेंहि. एका शाकाहारी सरटास म्हणतात मटिल्डा, आणि तिच्याच बरोबर सांपडलेल्या मांसाहाऱ्यास बँजो.