आकड्याआधी ग्राफ

सकाळी ७. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आमच्या लॅबचं शटर वर जातं, तेव्हा लोहा, मुखेड, नायगावहून पहिल्या गाडीनं आलेली माणसं पायरीवर उपाशीपोटी बसलेली असतात. त्यांना आत घेऊन मी आधी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं एचपीएलसी मशीन चालू करते. बफरचा दाब स्थिर झाला की दोन कंट्रोल लावायचे, एक नॉर्मल आणि एक वाढलेला. ते मर्यादेत आल्याशिवाय पेशंटचं एकही सॅम्पल मशीनवर चढत नाही.

८ वाजता कलेक्शन. शुगरसाठी राखाडी टोपणाची ट्यूब, एचबीएवनसीसाठी जांभळी. जांभळीला उपाशी राहावं लागत नाही, हे रोज नव्यानं सांगते. सुई टोचण्याआधी एक प्रश्न मात्र ठरलेला: गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का? तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि रक्तातली साखर तेवढे दिवस तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. किती चिकटली, तो आकडा म्हणजे एचबीएवनसी; त्यावरून तीन महिन्यांची सरासरी कळते. दुसऱ्याचं रक्त चढलेलं असेल तर त्याच्या पेशीही मोजणीत येतात.

लोह्याचे एक मामा खुशीत होते. "ताई, चार दिवस झाले भात सोडलाय, चहासुद्धा बिनसाखरेचा. आज बघा, नॉर्मलच येते." उपाशीपोटीची शुगर १२४ आली.

साडेदहाला अहमदपूरमार्गे लातूरहून सॅम्पलचा डबा येतो. झाकण काढलं की पहिली नजर थर्मामीटरवर. उन्हात राहिलेलं किंवा जुनं रक्त ग्राफवर लपत नाही, मुख्य शिखराच्या आधीचा छोटा उंचवटा फुगलेला दिसतो. असं सॅम्पल मी परत करते. पेशंटला पुन्हा टोचायला लावणं जिवावर येतं, पण चुकीच्या आकड्यावर त्याची गोळी वाढली तर ते फार वाईट.

दुपारी १२ ते २ हा माझ्या कामाचा खरा वेळ. पेशी फोडून पातळ केलेलं रक्त मशीन एका बारीक कॉलममधून ढकलतं. कॉलमच्या आत ऋण भार असतो, त्यामुळे ज्या हिमोग्लोबिनवर धन भार जास्त ते जास्त वेळ अडकतं. साखर चिकटलेलं लवकर सुटतं, मग साध्या हिमोग्लोबिनचं उंच शिखर येतं, त्यामागे ए-टू, डी, एस हे इतर प्रकार. एका सॅम्पलला तीनेक मिनिटं. आकडा कागदावर छापून येतो, पण मी प्रत्येक ग्राफ शेवटपर्यंत बघते. आज त्याचंच चीज झालं.

किनवटकडची एक बाई, तिसरा महिना चालू. डॉक्टरांनी फक्त शुगरची चिठ्ठी दिलेली, त्यात एचबीएवनसीही. एचबीएवनसी ५.४, बघून हातावेगळं करावं असं. पण मोठ्या शिखरामागे दुसरं रुंद शिखर उभं होतं. तीच ट्यूब सगळे प्रकार मोजणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅमवर लावली. एस ३६ टक्के. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या रेषा दिसेनात. सिकलसेलची वाहक. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की एक ऋण भार जातो, म्हणून हे एस हिमोग्लोबिन कॉलमला धरून राहतं.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. बाई स्वतः आजारी नाही, पण नवराही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता बाळाला सिकलसेल असण्याची. किनवट-माहूरच्या गोंड, परधान वस्त्यांत हा आजार आहे हे काही नवं नाही. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरलेली आहे. तरी हिचा दोष कळला तो शुगरच्या चिठ्ठीवर, याचं मला वाईट वाटतं आणि हायसंही वाटतं. मुळात एचबीएवनसीच अशी सापडली. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर सदोष हिमोग्लोबिन शोधत होते आणि मधुमेहींच्या रक्तात त्यांना एक वेगळाच पट्टा दिसला.

मूळ पंजाबच्या कुटुंबांत कधी डी दिसतं. डी किंवा एसच्या वाहकाचा एचबीएवनसीचा आकडा काही पद्धतींवर बरोबर येतो, काहींवर फसतो, म्हणून रिपोर्टखाली तशी टीप लागते. आई-बाप दोघांकडून एस आलेल्याच्या रक्तात साधं हिमोग्लोबिन नसतंच. तिथे ही तपासणी सोडून फ्रुक्टोसामाइन सुचवायचं.

३ वाजता लाइट गेली. इन्व्हर्टरवर चालू रन पूर्ण केला.

५ वाजता रिपोर्ट वाटप. मामांची एचबीएवनसी ९.१.

"सकाळी १२४ म्हणालात की! मग ही कशी काय वाढायली?"

"मामा, सकाळची आजची होती. ही तीन महिन्यांची. सरासरी २१४च्या आसपास."

ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, मागच्या महिन्यात लग्नं लई होती, गोळ्या राहिल्या. हेच डॉक्टरांना सांगा म्हटलं, लपवू नका.

७ नंतर मॅडमसोबत अडलेले रिपोर्ट. लातूरच्या एका बाईंची एचबीएवनसी ६.६, पण हिमोग्लोबिन जेमतेम ७. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटी वाढू शकते. मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी लोहाची तपासणी आणि उपाशीपोटीची शुगर बघा, अशी टीप मॅडमनी घातली.

८ला किनवटहून फोन आला. त्या बाईचा नवरा परवा येतोय. त्याला उपाशी यायला लावू नका म्हणून सांगितलं, आणि त्याच्या नावापुढे मोठा प्रोग्रॅम लिहून ठेवला.