नाव पुसलं, तरी माणूस ओळखू येतो

समजा, बिबवेवाडीतल्या दवाखान्यांच्या नोंदी तुम्हाला परदेशी संशोधकांना द्यायच्या आहेत. नावं काढली की झालं, असं वाटतं ना? पण ४११०३७ हा पिनकोड, जन्मतारीख आणि एखादा दुर्मीळ आजार एकत्र आले, की शेजारीही ओळखेल. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवा, पिनकोडऐवजी जिल्हा.

हे जमतं. पुण्याजवळच्या वढूचं केईएमचं संशोधन केंद्र ‘इंडेप्थ’ या जाळ्यात होतं. तिथे आफ्रिका-आशियातल्या केंद्रांनी नोंदी एकाच साच्यात बसवल्या, ओळख झाकली आणि मगच इतरांना दिल्या.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या. परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही लागते. पेशंट आला होता उपचारासाठी, तुमच्या पेपरसाठी नाही. हे विसरू नका.