दिएंगचा बटाटा आणि वाहून जाणारी माती
जावाची माती : लेखांक ५

मागच्या लेखांकात सखल जावातील भातखाचरे पाहिली. बांधलेल्या खाचरात पाणी थांबते आणि पाण्याबरोबर गाळही बसतो, म्हणून तिथली शेती शतकानुशतके त्याच जमिनीवर टिकली. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडलेला सिद्धांत भातशेतीच्या याच सोशिकपणावर उभा होता. या आठवड्यात खाचरांची हद्द संपते तिथून वर जायचे आहे. मध्य जावातील दिएंग पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. त्याच्या कडेला, सुमारे २,३०० मीटरवर वसलेले सेंबुंगान हे जावातले सर्वांत उंच गाव मानले जाते. इथे भात होत नाही. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या रात्री दव गोठते आणि उन्हे आली की बटाट्याची पाने करपून काळी पडतात. उतारावरची माती दर पावसाळ्यात वाहून जाते आणि त्याबद्दल बोट नेहमी शेतकऱ्याकडे दाखवले जाते : डोंगरातला अडाणी माणूस, त्याला जमिनीची किंमत कळत नाही. माझे म्हणणे उलट आहे. दिएंगची माती अडाणीपणामुळे जात नाही, अचूक हिशेबामुळे जाते. म्हणून ती उपदेशाने थांबणार नाही.

आधी एक समज दूर करायला हवा. पठारावर सातव्या-आठव्या शतकापासूनची शिवमंदिरे आहेत. त्यांना अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावे लोकांनी फार पुढे दिली. ती पाहून वाटते की गावेही तितकीच जुनी आणि जगापासून तुटलेली असतील. पण मधली कित्येक शतके हे पठार जवळजवळ ओस होते. ब्रिटिश अमदानीत १८१४ साली मंदिरांची पहिली नोंद झाली, तेव्हा ती तळ्याच्या पाण्यात उभी होती. आजची वस्ती एकोणिसाव्या शतकात जंगल तोडून वर आलेल्या लोकांची आहे. डच सरकारने १८३० पासून सक्तीची लागवड सुरू केली आणि जावाचे डोंगरउतार कॉफीसारख्या पिकांवाटे दूरच्या बाजारपेठांना जोडले. दिएंगच्या शेतकऱ्याने घरी खायला मका लावला आणि विकायला तंबाखू. थोडक्यात, विकण्यासाठी पिकवणे ही इथे काल आलेली गोष्ट नाही. १९८० नंतर तंबाखूची जागा बटाट्याने घेतली, तेव्हा बाजार नवा नव्हता. त्याचा वेग नवा होता.

बटाटा साधारण साडेतीन-चार महिन्यांत निघतो, त्यामुळे पाण्याची सोय असली तर वर्षात दोन-तीन पिके बसतात. कोरड्या महिन्यांत तळ्यांवर पंप बसतात आणि पाइप थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत जातात. खर्चही तसाच मोठा : बेणे, खालच्या मुलखातून ट्रकने येणारे कोंबडखत, करप्यासाठी पुन्हा पुन्हा फवारायचे बुरशीनाशक. आता वरंब्यांकडे पाहा. मृदासंधारणाचे कोणतेही पुस्तक सांगेल की वरंबे उताराला आडवे घालावेत. दिएंगमध्ये ते बहुतेक ठिकाणी उताराच्या दिशेने, वरून खाली, सरळ रेघेत दिसतात. कारण बटाट्याच्या मुळाशी पाणी थांबले की कंद कुजतो आणि ओलाव्यात करपा झपाट्याने पसरतो. पावसाळ्यात पाणी लवकर निघून जाणे ही पिकाची गरज आहे. आडवा वरंबा माती वाचवतो, पण पीक धोक्यात घालतो. उभा वरंबा पीक वाचवतो आणि माती सोडून देतो. उसनवारी करून बेणे आणलेला माणूस यातले काय निवडेल, हे सांगायला नको.

तरी नुकसान डोळ्यांसमोर होत असताना ते जाणवत कसे नाही? याचे उत्तर जमिनीतच आहे. ज्वालामुखीच्या राखेतून बनलेली इथली माती भुसभुशीत आणि खोल आहे. वरचा थर गेला तरी खाली कसता येण्याजोगा थर उरतो. त्याची उणीव खताने भरून निघते. उत्पन्न एकदम कोसळत नाही, फक्त तेवढ्याच उत्पन्नाला दरवर्षी थोडे जास्त खत लागते. नुकसान खर्चाच्या रकान्यात लपते. उरलेले नुकसान गावात राहतच नाही. सेरायू नदी दिएंगमध्ये उगम पावते. तिच्यावर बांजारनगाराजवळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या म्रिचा धरणाच्या जलाशयाची बरीच क्षमता गाळाने खाल्ली आहे. माती गमावतो एक आणि त्याची किंमत मोजतो दुसरा, अशी ही व्यवस्था आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हा सगळा हावरेपणाचा बचाव झाला. बटाट्याच्या पैशांतून पक्की घरे उठली, मोटारसायकली आल्या, लोक हजला जाऊन आले. मग ही गरज कसली? मुद्दा चुकीचा नाही. रॉबर्ट हेफ्नर यांनी पूर्व जावातील तेंगर डोंगरांवरच्या १९९० च्या पुस्तकात दाखवले आहे की डोंगरी शेतकरी केवळ पोटासाठी पिकवत नाही. गावातली पत आणि चांगल्या राहणीची ओढही त्याच्या निर्णयांत असते. पण ही ओढ शहरातल्या माणसाला शोभते आणि डोंगरातल्याला शोभत नाही, असे म्हणायला आधार काय? शिवाय ही सुबत्ता पक्की नाही. २०११ साली चीन आणि बांगलादेशातून स्वस्त बटाटा आला, तेव्हा दिएंगच्या शेतकऱ्यांना जकार्तात जाऊन निदर्शने करावी लागली. भाव आपल्या हातात नसला की माणूस हातातले पीक जास्तीत जास्त काढून घेतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : तीव्र उतारावर बटाट्याला बंदी घाला आणि झाडे लावायला लावा. झाडांचा उपाय खोटा नाही. बांधावरची कारिका, म्हणजे डोंगरी पपई, माती धरते आणि तिची पाकातली फळे पर्यटक विकत घेतात. पण झाडाला वर्षे लागतात आणि कर्जाचा हप्ता हंगामाला येतो. खंडाने घेतलेल्या जमिनीत तर कोणी झाड लावणार नाही. फळ धरेपर्यंत जमीन आपल्याकडे असेल याची खात्री नसते. बंदीचा अनुभवही फारसा आशादायक नाही. १९९८ साली सुहार्तो राजवट कोसळताच सरकारी जंगलावरचा वचक गेला आणि जावाभर, दिएंगच्या उतारांवरही, झाडे तुटून शेते झाली. नियम पहाऱ्यावर उभा होता, तो लोकांच्या हिशेबात कधी उतरलाच नव्हता.

म्हणून उपाय हिशेबातच शोधावा लागेल. धरणातला गाळ काढण्यावर आणि गमावलेल्या विजेवर जो खर्च होतो, त्यातला वाटा वरच्या गावांना माती राखण्याचा मोबदला म्हणून मिळाला पाहिजे. झाड फळ देईपर्यंतच्या वर्षांसाठी कर्जाची मुदत लांबली पाहिजे आणि खंडाचे करार हंगामाचे न राहता काही वर्षांचे झाले पाहिजेत. यातले काहीही स्वस्त नाही. पण शेतकऱ्याने एकट्याने तोटा सोसून खालच्या लाखो लोकांची माती राखावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि फोलही.

पुढील लेखांकात याच पठाराच्या पोटातला धोका पाहू. फेब्रुवारी १९७९ मध्ये दिएंगच्या सिनिला विवराजवळ बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडने १४० हून अधिक माणसे दगावली, तरीही आसपासची शेते आज कसली जातात.